सेंट तेवेनचा कौल

मंजुषा मंगळसूत्र घालते ते फक्त कामावर. चॅपेलच्या मागे कर्मचाऱ्यांची कपडे बदलायची खोली आहे. तिथल्या लॉकरमध्ये, काळ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ते असतं. आधी जॅकेट, मग पांढरे हातमोजे, नावाची पट्टी आणि शेवटी मंगळसूत्र. सुटताना उलट्या क्रमानं सगळं उतरवायचं आणि खाली बस थांब्याकडे चालू लागायचं.

घटस्फोट झाला तेव्हा तिनं ते पेटीत टाकून दिलं होतं. व्यवस्थापक ओकुदा-सान यांनी ते पुन्हा बाहेर काढायला लावलं, तेही जपानी पद्धतीनं, हुकूम न देता. लग्नाच्या जागी काम करणारी माणसं संसारात सुखी दिसली की येणाऱ्यांना धीर येतो, असं ते एकदा चहा पिताना म्हणाले. शिवाय तुमच्या त्या काळ्या मण्यांमागे काही गोष्टही असेल ना, असंही म्हणाले. त्याच आठवड्यात मंजुषाचा व्हिसा बदलायचा होता आणि अर्जावर कंपनीचा शिक्का हवा होता. दुसऱ्या दिवशी ती मंगळसूत्र घालून आली.

ती जपानला आली नवऱ्याच्या मागोमाग. नरेंद्रचा त्सुकुबाला पोस्टडॉक, मग कोबेच्या कंपनीत नोकरी, मग इचिकावाला दुसरी नोकरी आणि तिथंच दुसरं घर. तो गेला त्याबरोबर मंजुषाचा डिपेंडंट व्हिसाही जाणार होता. मुलगी स्वरूपा तेव्हा सहावीत होती. मराठी समजायची, उत्तर जपानीत द्यायची. तिला पुण्याच्या कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेत घालायचं, याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं. तेव्हा मंजुषा या चॅपेलमध्ये बाकांची धूळ पुसायचं अर्धवेळ काम करत होती. पुण्यात तिनं मूर्तिशास्त्र घेऊन एम.ए. केलं आहे हे ओकुदा-सानना कळलं आणि त्यांनी तिला परदेशी ग्राहकांसाठी माहिती सांगणारी म्हणून कायम केलं. कायम म्हणजे वर्षाच्या करारावर. व्हिसा त्या करारावर, स्वरूपाचा व्हिसा आईच्या व्हिसावर. भाड्याच्या घराला जामीन लागतो. जामीन राहिल्या मेधाताई, कोबेच्या मराठी मंडळाच्या जुन्या जाणत्या. अशी ही उतरंड. खालचं एक मडकं हललं की वरचं सगळं खाली.

चॅपेल कोबेच्या डोंगरउतारावर आहे. तिथं रात्री रानडुकरं येऊन फुलांचे वाफे उकरतात आणि सकाळी समोर बंदरातली जहाजं दिसतात. जपानात लग्नाची चॅपेल गावोगाव आहेत, बहुतेक प्लास्टरची. हे मात्र खरं आहे, आणि मंजुषाचं बोलणं त्या वाक्यापासूनच सुरू होतं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी म्हणून समुद्रात घुसलेला एक प्रदेश आहे. तिथल्या एका रानात हे मोडकळीला आलं होतं. भरभराटीच्या काळात कंपनीच्या संस्थापकानं ते विकत घेतलं, दगडांवर आकडे घालून सुटं केलं आणि बोटीनं कोबेला आणून पुन्हा उभं केलं. पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर, एक घंटा टांगण्यापुरता मनोरा, आत ग्रॅनाइटच्या भिंती. मूळ जागी वेदी पूर्वेकडे होती. इथं ती दक्षिणेकडे आहे, कारण फोटोत समुद्र यायला हवा.

सेंट तेवेन कोण, हे कुणालाच धड माहीत नाही. ब्रिटनीत असे संत शेकड्यांनी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची रोमला खबर नाही. एक तापाचा, एक डोळ्यांचा, एक गुरांचा, एक उशिरा चालायला लागणाऱ्या पोरांचा. प्रत्येकाचा आपापला झरा, आपापला जत्रेचा दिवस. खलाशी वादळातून परत आले की नवस फेडायला लाकडाची छोटी बोट करून छताला टांगायचे. हे सगळं मंजुषाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती देवरुखकडची. तिच्या गावातही आधी पाणी होतं, पाण्याकाठी देव आला आणि देवाला घर सर्वांत शेवटी मिळालं.

पण ग्राहकांना सांगायचं काय आणि काय नाही, हे ठरलेलं आहे. बोट दाखवायची. संताचा दगडी पुतळा दाखवायचा. त्याचं झिजलेलं नाक कंपनीनं नवीन बसवून घेतलं आहे. आंकू दाखवायचा नाही. आंकू म्हणजे तिकडचा यमदूत. गावात वर्षात सर्वांत शेवटी जो मरेल त्यानं पुढचं वर्षभर हे काम करायचं, अशी तिथली समजूत. त्याची लाकडी मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या सामानाच्या खोलीत घडीच्या खुर्च्यांमागे उभी आहे.

आणि तुळई. ओकची एक जाड तुळई चॅपेलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवी जाते. तिच्या दोन्ही टोकांना मगरीसारखे जबडे कोरले आहेत आणि तुळई दोन्हीकडून त्या जबड्यांत शिरली आहे. ब्रिटनीच्या सुतारांनी हे का केलं, यावर मतं अनेक आहेत. कुणी म्हणतं, पाप माणसाला गिळतं ते दाखवलंय. कुणी म्हणतं, ते राखणदार आहेत. कुणी म्हणतं, भिंतीतला सांधा झाकायची युक्ती, बाकी काही नाही. मंजुषाला पहिल्या दिवशीच आपल्या देवळांतले मकर आठवले. मकराच्या तोंडातून तोरण बाहेर येतं की आत जातं, यावर तिच्या सरांनी एकदा अख्खा तास घेतला होता आणि शेवटी उत्तर दिलं नव्हतं. ओकुदा-साननी सांगितलेलं वाक्य सोपं आहे: दोन घराणी मिळून छप्पर पेलतात. तेही खरं नाही. मोठ्या भूकंपानंतर आतून पोलादी सांगाडा बसवला. छताचा भार आता पोलादावर आहे. तुळई काहीच पेलत नाही, दोन तोंडांत नुसती अडकून आहे.

चॅपेलसमोर झरा आहे, म्हणजे मूळ झऱ्याचं दगडी कुंड आणि त्यात पंपानं फिरवलेलं नळाचं पाणी. ब्रिटनीतल्या मुली अशा कुंडात टाचणी सोडायच्या. तरंगली तर वर्षात लग्न, बुडाली तर थांबा. कंपनीनं त्याचा विधी केला. लग्नाच्या महिनाभर आधी दोन्ही घरची माणसं चॅपेल बघायला येतात, तेव्हा नवरी कुंडात टाचणी सोडते. सुरुवातीला निम्म्या टाचण्या बुडायच्या. एका नवरीच्या आजीनं घरी जाऊन आठवडाभर जेवण सोडलं. मग चंदेरी प्लास्टिकच्या टाचण्या आणल्या, तर पाहुणे हसायला लागले. तेव्हा मंजुषानं खऱ्या पोलादी टाचण्या मागवल्या आणि घरून खोबरेल तेलाची बाटली आणली.

ही अक्कल तिला गावच्या गुरवाकडून आली होती. देवीच्या अंगावर कळ्या लावून तो गाऱ्हाणं घालायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा कौल. शाळेत असताना मंजुषानं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी बसून पाहिलं होतं की, कळी लावण्याआधी गुरव बोट ओलं करतो. किती ओलं करायचं, ते समोर कोण उभं आहे यावर ठरतं. कोरडी, तेलकट टाचणी पाण्यावर आडवी ठेवली तर राहते. तेव्हापासून सेंट तेवेनच्या कुंडात एकही टाचणी बुडाली नव्हती.

ऑक्टोबर संपत आला होता तेव्हा कादंबरी एकटीच आली. आठवड्यातला मधला वार होता, चॅपेल रिकामं होतं. कादंबरी त्सुकुबाला पोस्टडॉक करत होती आणि मेधाताईंची सून होणार होती. मेधाताईंचा सुशील कोबेतच वाढला, कोबेतच नोकरीला लागला. खरं लग्न डिसेंबरात पुण्याला, अंतरपाट धरून. त्याआधी इथं चॅपेलमधला समारंभ, सुशीलच्या ऑफिसातल्या जपानी माणसांसाठी. टाचणीचा दिवस रविवारी होता.

"ड्रेसच्या ट्रायलला आले होते," कादंबरी म्हणाली. "म्हटलं, बघून जावं."

मंजुषानं तिला आत नेलं. कादंबरी तुळईखाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली.

"ही तोंडं गिळतायत की ओकतायत?"

"दोन घराणी छप्पर पेलतायत."

"हे तुम्ही पाठ केलंय."

"पगार त्याचाच आहे."

कादंबरी हसली. मग बाहेर येऊन कुंडाच्या काठावर बसली आणि पाण्यात बोट घालून ते चोळून बघितलं.

"ताई, टाचणी बुडते का हो कधी?"

"आधी बुडायच्या."

"आता?"

"आता नाही. पाणी चांगलं आहे."

"माझं संशोधनच सरफेसवर, पृष्ठभागांवर आहे ताई. पाणी चांगलं असल्यामुळे टाचणी तरंगत नाही. काय लावता?"

मंजुषानं मागे वळून पाहिलं. ओकुदा-सान ऑफिसात होते, खिडकी बंद होती.

"खोबरेल," ती म्हणाली.

"म्हणजे इथल्या गुरव तुम्हीच." कौलाची गोष्ट मंजुषानं कधीतरी मंडळाच्या गणपतीत सांगितली होती आणि पोरीनं ती लक्षात ठेवली होती. कादंबरीनं बोट पुन्हा पाण्यात घातलं. "रविवारी मला बुडणारी हवीय."

मंजुषाला वाटलं, थट्टा चालली आहे. मग तिनं कादंबरीचा चेहरा पाहिला.

"भांडलात का?"

"नाही हो. भांडण झालं असतं तर बरं होतं. सुशील चांगला आहे. तेच तर."

"मग?"

"मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट संपतंय. चार ठिकाणी अर्ज केले, एकही लागला नाही. तेवढ्यात हे स्थळ. आई म्हणते, देवानंच वेळ साधली. मलाही तसंच वाटलं. परवा सुशीलनं मला कचऱ्याचा तक्ता पाठवला. कोबेत जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी. 'तुला लागेल' म्हणून. त्यात वाईट काय आहे? काही नाही. मी तो तक्ता बघत बसले आणि मला श्वासच घेता येईना."

"हे सुशीलला सांग."

"काय सांगू? कचऱ्याचा तक्ता पाठवलास म्हणून लग्न मोडते?"

मंजुषानं कुंडाच्या काठावर पडलेलं पान उचलून टाकलं.

"मेधाकाकूंचं तुम्हाला माहितीये," कादंबरी म्हणाली. "अमावास्येला नवीन चमचा घरात येऊ देत नाहीत. निघताना सुशीलचे बाबा शिंकले म्हणून शिन्कान्सेन ट्रेन सोडली होती त्यांनी, रिझर्व्हेशन असताना. टाचणी बुडालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तर त्याच म्हणतील, थांबू या. निदान पत्रिका परत दाखवतील. मला तेवढा वेळ पुरे आहे. मला मोडायचंय का, तेच मला कळत नाहीये ताई. मला फक्त कुणीतरी थांबवायला हवंय."

"आणि माझं?"

"तुमचं काय? टाचणी बुडाली. पाण्याचा दोष."

"इतकी वर्षं बुडाली नाही ती नेमकी मेधाताईंच्या सुनेची बुडाली. मेधाताई माझ्या घराला जामीन आहेत. ओकुदा-सान पुढच्या महिन्यात माझ्या कराराचं बघणार आहेत. स्वरूपा इथंच युनिव्हर्सिटीला जायचं म्हणतेय."

कादंबरीनं पाण्यातून बोट काढून रुमालाला पुसलं. तिनं आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मंजुषाला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"बघा तुम्ही," ती म्हणाली आणि बॅग उचलून खाली गेली.

घरी स्वरूपा टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. मंजुषानं भात लावला आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "तुला समजा परत जावं लागलं, तर?"

"कुठं परत?" स्वरूपानं जपानीत विचारलं. मान वर केली नाही. तिला प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

मंजुषानं कुकरचं झाकण लावलं.

लग्न ठरलं तेव्हा तिलाही कुणी थांबवलं नव्हतं. नरेंद्रचं स्थळ चांगलं होतं, जपानचं होतं, आणि तिचं स्वतःचं संशोधन अर्ध्यावर होतं. आठ दिवस मिळाले असते तर तिनं वेगळं काही केलं असतं का? बहुधा नाही. पण मिळायला हवे होते.

रविवारी ती लवकर पोचली. सामानाच्या खोलीत आंकूच्या पायाशी, शेल्फवर टाचण्यांचा डबा असतो. टाचण्या तेलात बुडवलेल्या नाहीत, तेलाचा बोळा फिरवून कापडावर मांडलेल्या. तिनं एक उचलली. मोरीत नेऊन भांड्याच्या साबणानं घासली, गरम पाण्याखाली धरली, परत घासली. कापडानं न पुसता तशीच ओली कागदावर ठेवली. मग डब्याकडे बघत उभी राहिली. सगळ्याच धुवायच्या का? सगळ्या धुतल्या तर दिवसभर सगळ्याच बुडतील. दुपारी आणखी एक जोडपं येणार होतं. ओकुदा-सान डबा मागतील. एक बुडाली तर दोष टाचणीचा. दहा बुडाल्या तर मंजुषाचा.

तिनं एकच धुतली.

मंडळी वेळेवर आली. मेधाताई काठापदराच्या साडीवर लोकरी कोट घालून, सुशील सुटात, कादंबरी साध्या निळ्या ड्रेसमध्ये. कादंबरीचे आईवडील पुण्याहून फोनवर होते. तो फोन सुशीलच्या हातात होता आणि त्यातून सारखे आवाज येत होते.

"जरा खाली धरा जावईबापू, आम्हाला नुसतं आभाळ दिसतंय."

"अहो बाबा, आभाळच चांगलं आहे इथलं," सुशील म्हणाला.

मंजुषानं नेहमीची माहिती सांगितली. बोट, संत, दोन घराणी. मेधाताई मान डोलावत ऐकत होत्या. "आपल्याकडच्यासारखंच की सगळं," त्या म्हणाल्या. "नवस, जत्रा, कुंड. उगाच नाही मी ही जागा धरली." मग हळूच, मंजुषाच्या गळ्याकडे बघून, "घालतेस ना अजून. छान. चार लोकांत बरं दिसतं."

कुंडापाशी सगळे गोल उभे राहिले. ओकुदा-सान हात पुढे जोडून थोडे मागे. मंजुषानं चांदीच्या छोट्या ताटलीत टाचणी पुढे केली. ओली टाचणी ताटलीला चिकटली होती. कादंबरीला ती नखानं उचलावी लागली. तिच्या ते लक्षात आलं. तिनं वर पाहिलं नाही.

ती खाली वाकली, टाचणी पाण्यावर आडवी ठेवली, बोट काढून घेतलं. टाचणी लगेच गेली. तळाशी शेवाळं नसतं, दर सोमवारी घासतात. त्यामुळे ती स्वच्छ दिसत राहिली.

पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"काय झालं?" फोनमधून वडील म्हणाले. "तरंगली का?"

सुशीलनं फोन छातीशी धरला. ओकुदा-सानच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला होता. मेधाताई पुढे झाल्या. चष्मा सारखा करून त्यांनी कुंडात नीट पाहिलं. मंजुषाला आपल्या हातमोज्यांच्या आत घाम आलेला कळत होता. कादंबरी भावी सासूच्या तोंडाकडे बघत होती. निकालाच्या पाटीपुढे मुलं उभी राहतात, तशी.

"बुडाली," मेधाताई म्हणाल्या.

सुशीलनं फोनवर हात ठेवला.

"बरं मग," त्या सरळ होत म्हणाल्या, "मंजुषा, दुसरी दे."

"काकू," कादंबरी म्हणाली, "पण हा अपशकुन ना? तुम्ही तर शिंक आली तरी..."

"ते आपलं गं. शिंक, मांजर, अमावास्या, ते आपल्याकडचं. ते मी पाळतेच." मेधाताई तिच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होत्या, खरोखर प्रेमानं. "इथले शकुन इथल्या पद्धतीनं घ्यायचे. नवीन वर्षाला इकुता देवळात चिठ्ठी काढतो ना आपण? या वर्षी मला निघाली 'क्यो'. म्हणजे अशुभ. काय केलं मी? तिथल्या तारेला बांधून टाकली आणि दुसरी काढली. ती निघाली उत्तम. वाईट ते इथंच ठेवून जायचं असतं. तीस वर्षं राहिले मी या देशात, एवढं कळतं मला."

मग त्यांनी हेच ओकुदा-सानना जपानीत सांगितलं. ओकुदा-सान त्या हसण्यामागे परत आले. "मो इक्काई," ते आनंदानं म्हणाले. पुन्हा एकदा.

मंजुषाला सामानाच्या खोलीत जाऊन यावं लागलं. खुर्च्यांमागे आंकू प्लास्टिकमध्ये उभा होता. नळ चार पावलांवर होता, साबण तिथंच होता. एवढ्यात धुता आली असती. दुसरीही बुडाली असती तर मेधाताईंनी तिसरी मागितली असती. पण तिसरीला कदाचित आवाज थोडा उतरला असता, कदाचित पुण्याहून कुणी काही बोललं असतं. बाहेरून ओकुदा-सानचा हाक मारण्याचा आवाज आला. "मंजुषा-सान?"

तिनं डबा उघडला आणि वरची टाचणी घेतली.

ती तरंगली. पाण्यात थोडी थरथरली आणि पंपाच्या प्रवाहाबरोबर हळू फिरत राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोन पुन्हा खाली आला, पुण्याहूनही टाळ्या ऐकू आल्या. कादंबरीनं टाचणी धरलेली दोन बोटं नकळत नाकाशी नेली, मग ड्रेसला पुसली.

संध्याकाळी बस थांब्यावर ती मंजुषाची वाट बघत उभी होती. बाकीचे जेवायला पुढे गेले होते. तिनं स्टेशनवर काम आहे असं सांगितलं होतं.

"एकच धुतली होती तुम्ही."

"हो."

"का?"

"सगळ्या धुतल्या असत्या तर मी धुतल्या हे कळलं असतं."

कादंबरीनं मान हलवली. बस वळणावर दिसायला लागली, पण ती अजून बरीच वर होती.

"तू तरी बोलली असतीस," मंजुषा म्हणाली. "मेधाताई दुसरी मागत होत्या तेव्हा. नको म्हणायचं होतंस."

"मी पण एकाच टाचणीपुरती हिंमत आणली होती ताई."

बसमध्ये दोघी स्टेशनपर्यंत शेजारी बसल्या.

नोव्हेंबरातलं लग्न नीट पार पडलं. पाऊस नव्हता, समुद्र फोटोत आला. दार उघडण्याचं काम मंजुषाकडे असतं. ऑर्गन सुरू झाला की दोन्ही पानं एकाच वेळी आत ढकलायची. तिनं ढकलली. कादंबरी वडिलांचा हात धरून आत आली. ते खास पुण्याहून आले होते आणि पावलं मोजत चालत होते. तुळईखाली आल्यावर तिनं मान किंचित वर केली. तोंडावरची जाळी पातळ होती, तरी चेहरा कळला नाही. मंजुषानं दारं लावून घेतली.

कराराचं काम त्याच महिन्यात झालं. ओकुदा-सान प्रसन्न होते. त्या रविवारी मंजुषानं न गडबडता दुसरी टाचणी आणली याचं त्यांनी वरिष्ठांपुढे कौतुक केलं होतं. शिवाय त्यांना एक कल्पना सुचली होती. तो प्रसंग त्यांच्या मनातून जात नव्हता. आधी बुडणं, मग तरंगणं. त्यात नाट्य होतं. संसारात पहिली अडचण येते, माणसं धीर सोडत नाहीत, दुसऱ्यांदा जमतं. वसंत ऋतूपासून विधी तसाच करायचा ठरलं. पहिली टाचणी बुडणारी, दुसरी तरंगणारी. माहितीपत्रक नवीन छापलं. ग्राहकांना ते फार आवडलं. काही नवऱ्या पहिली बुडाल्यावर रडतात आणि दुसरी तरंगली की हसतात. फोटोग्राफर दोन्हीला तयार असतो.

मंजुषाचं काम वाढलं. आता टाचण्या दोन प्रकारच्या लागतात, धुतलेल्या आणि तेल लावलेल्या, आणि त्या मिसळून चालत नाहीत. तिनं मदतीला माणूस मागितला.

एप्रिलमध्ये मेधाताईंचा फोन आला. "अगं, तुझ्याकडे अर्धवेळ जागा आहे म्हणे. आमची कादंबरी घरात बसून कंटाळते. तिकडचं काँट्रॅक्ट संपलं, इथं अजून काही लागत नाहीये. डिपेंडंटवर पार्ट-टाइम चालतं ना? परवानगी काढली की झालं. ओळखीत कुणी असलं की मलाही बरं."

"चालतं," मंजुषा म्हणाली. "मीही तसंच केलं होतं."

कादंबरी सोमवारी आली. मंजुषानं तिला लॉकर दाखवला, जॅकेटचं माप पाहिलं, हातमोजे दिले. मंगळसूत्राचं सांगावं लागलं नाही, ते गळ्यातच होतं. मग दोघी सामानाच्या खोलीत गेल्या. कादंबरीनं प्लास्टिकमधल्या मूर्तीकडे बोट दाखवलं.

"हा कोण?"

"आंकू. दाखवायचा नसतो."

मंजुषानं दोन डबे शेल्फवरून खाली घेतले, कापड पसरलं आणि तेलाचा बोळा तिच्या हातात दिला. कादंबरी खुर्ची ओढून बसली. एक एक टाचणी चिमटीत धरून ती सफाईनं फिरवत होती. प्रयोगशाळेतला हात होता.

"थोडंच लाव," मंजुषा म्हणाली. "वास येतो."

"माहितीये," कादंबरी म्हणाली आणि पुढची टाचणी उचलली.